सफाई कंपनीच्या वेबसाइटवर टप्प्यांचा चौकशी फॉर्म: काही महिने वापरल्यावर

नाव, ईमेल, फोन आणि ‘तुमचा संदेश’ हा नेहमीचा फॉर्म काढून त्या जागी चार टप्प्यांचा चौकशी फॉर्म लावला, त्याला आता बरेच महिने झाले. ऑफिस, दवाखाने, गोदामं, शोरूम यांची नियमित सफाई करणाऱ्या कंपनीने हा बदल करावा का? नक्की करावा. फक्त फॉर्म लावून थांबू नये. भरलेली माहिती योग्य माणसाच्या हातात वेळेत पडली नाही, तर उत्तम फॉर्मही वाया जातो.

जुन्या फॉर्ममधून बहुतेक वेळा एकच ओळ यायची: ‘ऑफिस क्लीनिंगचा रेट कळवा.’ एवढ्यावर कोटेशन तर देता येत नाहीच, साइट व्हिजिटला जावं की नाही हेही ठरत नाही. मग फोन करून सगळं विचारायचं. समोरचा माणूस कामात असतो, फोन उचलत नाही, आणि दुसरी एजन्सी तोवर जागा पाहून जाते.

नव्या फॉर्मचा पहिला प्रश्न सर्वात जास्त उपयोगी ठरला. ‘तुम्हाला काय हवं आहे?’ आणि खाली चार बटणं: व्यावसायिक जागेची सफाई, घराची सफाई, नोकरी, आणि ‘आम्ही आधीपासून ग्राहक आहोत’. सफाई कंपनीच्या साइटवर कामाच्या शोधात येणारे लोक खूप असतात. त्यांना अर्जाचं वेगळं पान हवं असतं, ते मिळालं नाही की ते चौकशीच्या फॉर्ममध्येच लिहितात. त्यांचीही गैरसोय होते आणि खऱ्या चौकशा त्या गर्दीत बुडतात. चालू ग्राहकाची तक्रार थेट त्या जागेच्या सुपरवायझरकडे जाते, हा आणखी एक फायदा.

दुसरा टप्पा जागेचा. जागेचा प्रकार, क्षेत्रफळ, वॉशरूम, आठवड्यातले दिवस, सफाईची वेळ. क्षेत्रफळाचा रिकामा रकाना ठेवू नका. चौकशी करणाऱ्या अ‍ॅडमिनच्या माणसाला नेमका आकडा ठाऊक नसतो, आणि तो शोधायला उठला की फॉर्मकडे परत येत नाही. २,५०० चौरस फुटांपर्यंत, २,५०० ते ५,०००, ५,००० ते १०,०००, त्याहून जास्त, आणि शेवटी ‘माहीत नाही’ असे पर्याय पुरतात. ‘माहीत नाही’ वगळलंत, तर लोक अंदाजाने काहीतरी निवडतात आणि तो आकडा खरा समजून पुढचं गणित बिघडतं.

वॉशरूमच्या बाबतीत खोल्या न विचारता फिक्स्चर विचारा, म्हणजे कमोड, युरिनल आणि बेसिन मिळून किती. सफाईच्या अंदाजपत्रकात एका फिक्स्चरला साधारण ३ मिनिटं धरण्याची पद्धत आहे. समजा ६,००० चौरस फुटांचं ऑफिस आहे आणि कामाचा वेग तासाला ३,००० चौरस फूट धरला, तर २ तास. १२ फिक्स्चरची ३६ मिनिटं वेगळी. आठवड्यात ५ दिवस म्हटलं की १३ तास झाले. त्याच ऑफिसात फिक्स्चर ५ असतील, तर आठवड्याला पावणेदोन तास कमी लागतात. खोल्यांची संख्या दोन्हीकडे ‘२’ अशीच आली असती. वेगाचा आकडा अर्थात जागेप्रमाणे बदलतो. दाटीने मांडलेली टेबलं, कार्पेट, काचेची पार्टिशनं असली की तो बराच खाली येतो, म्हणून हा हिशोब साइट व्हिजिटच्या तयारीपुरताच वापरायचा. कोटेशन जागा पाहूनच द्यायचं.

तिसऱ्या टप्प्यात दोनच प्रश्न: सध्या सफाई कोण करतं आणि नवी सेवा कधीपासून हवी. दुसरी एजन्सी काम करत असेल, तर तिच्या नोटिशीचा काळ मध्ये येतो. अशी चौकशी आज थंड वाटली, तरी तारीख लिहून ठेवावी. बजेट मात्र विचारू नका. तो रकाना सक्तीचा असला की लोक तिथेच थांबतात, आणि भरलेला आकडा घासाघीस मनात धरून लिहिलेला असतो.

संपर्काचा तपशील शेवटी. नाव, फोन, ईमेल, फोनसाठी सोयीची वेळ, आणि ऐच्छिक टीप. पूर्ण पत्ता मागायची गरज नाही, परिसर किंवा पिनकोड पुरे. काही जण संपर्क पहिल्या टप्प्यात घेऊन अर्धवट सोडलेले फॉर्मही साठवतात. ‘पाठवा’ न दाबलेल्या माणसाला फोन करणं योग्य वाटत नाही. तो माणूसही दचकतो आणि पहिल्याच बोलण्यात विश्वास जातो.

फोटो जोडण्याची सोय चांगली, पण तिच्यात एक खोड आहे. पीएचपी या प्रोग्रॅमिंग भाषेवर चालणाऱ्या सर्व्हरवर एका फाइलची मूळ मर्यादा २ एमबी असते, आणि आजच्या फोनचा फोटो सहज त्याहून मोठा निघतो. मर्यादा वाढवली नाही, तर सगळं भरून झाल्यावर शेवटच्या क्षणी फॉर्म अडतो. आयफोनचे फोटो एचईआयसी प्रकारात येऊ शकतात, तोही प्रकार परवानगीच्या यादीत असू द्या.

मोबाइलवर तपासल्याशिवाय फॉर्म चालू करू नका. रकान्यातलं अक्षर १६ पिक्सेलपेक्षा लहान असेल, तर आयफोनवर रकान्याला हात लावताच पान मोठं होतं आणि ‘पुढे’चं बटण बाजूला सरकतं. फोनच्या रकान्याला अंकांचा कीबोर्ड उघडला पाहिजे. त्या रकान्याची तपासणी फार कडक ठेवू नका. ऑफिसचे नंबर एक्स्टेन्शनसह येतात, कोणी मध्ये जागा सोडतं, कोणी पुढे अधिकचं चिन्ह लावतं. ते सगळं स्वीकारा आणि नंतर साफ करा. मागच्या टप्प्यावर गेल्यावर भरलेली माहिती पुसली जात नाही ना, हेही पाहा.

स्पॅमसाठी लपवलेला रकाना ही युक्ती चांगली चालते: माणसाला तो दिसत नाही, बॉट, म्हणजे आपोआप फॉर्म भरणारा प्रोग्रॅम, तो भरतो. मात्र त्या रकान्याला ‘कंपनी’ किंवा ‘वेबसाइट’ असं ओळखीचं नाव दिलं, तर ब्राउझरचं ऑटोफिल तो आपणहून भरतं आणि खरा ग्राहक स्पॅम ठरतो. म्हणून संशयित नोंद कधीही थेट पुसू नका, वेगळ्या यादीत टाका आणि रोज एकदा नजर फिरवा. रीकॅप्चा या बॉट ओळखणाऱ्या गुगलच्या सेवेची तिसरी आवृत्ती ० ते १ असा गुण देते, कमी गुण म्हणजे बॉट असण्याची शक्यता जास्त. तिथेही कमी गुणाच्या नोंदींना हाच नियम लावावा.

आता सर्वात महत्त्वाचं, पोच. फॉर्मची ईमेल ग्राहकाच्या पत्त्यावरून आल्यासारखी पाठवणं ही सर्रास दिसणारी चूक. आपला सर्व्हर ग्राहकाच्या डोमेनच्या नावाने मेल पाठवतो, मेल खरंच त्या डोमेनची आहे का हे पाहणाऱ्या एसपीएफ आणि डीमार्कच्या तपासणीत ती नापास होते, आणि मेल स्पॅममध्ये जाते किंवा पोचतच नाही. पाठवणारा पत्ता आपल्याच डोमेनचा ठेवा, ग्राहकाचा पत्ता ‘रिप्लाय टू’मध्ये घाला, मेल एसएमटीपीने, म्हणजे लॉगिन करून मेल सर्व्हरमार्फत, पाठवा आणि डीकेआयएम सही, म्हणजे मेल आपल्याच डोमेनची असल्याची डिजिटल खूण, चालू करा. नोंद आधी डेटाबेसमध्ये आणि मगच मेल, हा क्रम मोडू नका.

वर्डप्रेसवर आणखी एक छुपा दोष आढळतो. फॉर्ममधला सुरक्षेचा टोकन, म्हणजे नॉन्स, जास्तीत जास्त २४ तास चालतो. पान कॅशमध्ये, म्हणजे साठवलेल्या तयार प्रतीत, त्याहून जास्त काळ पडून राहिलं आणि फॉर्म तो टोकन तपासत असेल, तर सबमिट होत नाही. गंमत अशी की लॉगिन केलेल्या मालकाला सहसा ताजं पान मिळतं, त्यामुळे त्याच्याकडे सगळं ठीक दिसतं. फॉर्मचं पान कॅशमधून वगळा. दर आठवड्याला लॉगिन न करता, मोबाइल डेटावरून एक चाचणी नोंद पाठवून पाहा.

सूचनेच्या मेलचा विषय ‘नवीन चौकशी’ असा ठेवू नका. ‘दवाखाना, ५,००० ते १०,००० चौ. फूट, ६ दिवस, संध्याकाळी ७ नंतर’ असा विषय आपोआप तयार करता येतो. सुपरवायझर जिन्यात उभा असला, तरी ते वाचून फोन लावू शकतो. वेगाचा फरक मोठा आहे. २०११ साली हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमध्ये आलेल्या अभ्यासात एका तासाच्या आत संपर्क साधणाऱ्या कंपन्यांना, त्यानंतर साधणाऱ्यांपेक्षा, निर्णय घेणाऱ्या माणसाशी कामाचं बोलणं होण्याची शक्यता जवळपास सातपट आढळली होती. रात्री आलेल्या चौकशीला आपोआप जाणाऱ्या उत्तरात ‘लवकरच संपर्क करू’ न लिहिता दुसऱ्या दिवशीची ठरावीक वेळ लिहा, आणि ती पाळा.

मोजमापाचं थोडक्यात. जाहिरातीचे यूटीएम टॅग, म्हणजे माणूस कोणत्या जाहिरातीतून आला हे सांगणारे लिंकमधले तुकडे, पहिल्याच पानावर साठवा, कारण माणूस दोन पानं फिरून फॉर्मवर येतो तोवर ते पत्त्यातून गेलेले असतात. आभाराचं पान रीफ्रेश झालं की एकच चौकशी दोनदा मोजली जाते, तेही बंद करा. फॉर्मची एकूण संख्या आधीपेक्षा कमी दिसेल. घाबरून जुन्या फॉर्मकडे वळण्याआधी किती चौकशा साइट व्हिजिटपर्यंत आणि किती कंत्राटापर्यंत गेल्या हे पाहा.

कमतरता एक राहिली आहे. अनेक शाखा असलेला ग्राहक या चौकटीत बसत नाही. प्रत्येक शाखेचं क्षेत्रफळ तो भरत बसणार नाही, आणि बहुधा त्याच्याकडे टेंडरची फाइल तयार असते. त्यासाठी दुसऱ्या टप्प्याच्या सुरुवातीलाच ‘एकापेक्षा जास्त जागा’ असा पर्याय द्या. तो निवडला की जागांची संख्या आणि फाइल एवढंच विचारून थेट संपर्काच्या टप्प्यावर न्या. या नोंदींना पहिला फोन सुपरवायझरने न करता कोटेशन ठरवणाऱ्या माणसाने करावा.