बिऱ्हाड हलवताना: घर पाहून दर देणारा की फोनवर दर सांगणारा?
वडोदऱ्याच्या दांडियाबाजारातून पुण्याला बिऱ्हाड हलवायचे झाले, तर घरी येऊन सामान पाहणारा, तिथेच कार्यालय असलेला वाहतूकदार आणि फोनवरच कमी दरात सौदा पक्का करणारा मध्यस्थ असे दोन पर्याय समोर येतात. दुसऱ्याचा दर मोहात पाडतो. मात्र सामान ट्रकमध्ये चढल्यावर जिना, हमाली, टोल अशी एकेक रक्कम वाढू लागते आणि तोवर कपाटापासून देवघरापर्यंत सारे त्याच्याच ताब्यात गेलेले असते. पहिला महाग वाटला, तरी त्याच्याकडून वस्तूंची यादी, बिल्टी (वाहतूकदाराने दिलेली मालाची पावती) आणि विम्याचा कागद मागून घेता येतो, शिवाय त्याचा जीएसटी क्रमांक (गुजरातचा २४ने सुरू होतो) सरकारी पोर्टलवर पडताळता येतो. अर्थात, कार्यालय आहे म्हणून सचोटी असतेच असे नाही. पूर्ण रक्कम आगाऊ मागणारा यांपैकी कोणीही असला तरी मी त्याला नकारच देईन.