कसोटीचा दगड की पाण्यातलं वजन?

हातातला नमुना सोन्याचाच आहे, पायराइट (सोन्यासारखं दिसणारं खनिज) नाही, एवढं तुम्ही ओळखलंत असं धरतो. पुढचा प्रश्न अवघड असतो: त्यात चांदी किती? नैसर्गिक सोन्यात ती बहुधा असतेच.

कसोटीचा दगड झटपट सांगतो. रेघ ओढायची, शेजारी माहीत असलेल्या कसाची रेघ, वर आम्लाचा थेंब. बारीक कणांसाठी तोच बरा, कारण इतक्या कमी वजनात हवेतल्या आणि पाण्यातल्या वजनाचा फरक साध्या काट्यावर दिसतच नाही.

तरी माझं मन दगडावरून उडालं ते नदीतल्या सोन्याच्या एका गोट्यामुळे. त्याची रेघ 22 कॅरटच्या रेघेशी जुळली. मग तोच गोटा दोऱ्यानं टांगून तोलला: हवेत 9.60 ग्रॅम, पाण्यात 9.00. फरक 0.60, म्हणजे घनता 9.60 भागिले 0.60, 16. शुद्ध सोन्याची 19.3 असते, चांदीची बरीच कमी. आत गारगोटी दडलेली नसेल असं धरलं, तर सोनं साधारण 75 टक्के, 18 कॅरटच्या आसपास. माझ्या मते दगडही खोटं बोलला नव्हता. नदीतल्या सोन्याच्या पृष्ठभागातली चांदी काळाच्या ओघात निघून जाते आणि वर जास्त शुद्ध सोन्याची पातळ साल उरते. दगडानं ती सालच वाचली. वर घासल्याची चकचकीत पट्टी गोट्यावर कायमची राहिली. सोनं इतकं मऊ, की जपून घासलं तरी हे होतंच. तो गोटा हातात घेतला की अजूनही आधी तीच दिसते, आणि वाईट वाटतं.

पाण्याचेही नखरे आहेत. खाचांत बुडबुडे अडकतात. उकळून गार केलेलं पाणी आणि साबणाचा एक थेंब वापरला की बरेचसे सुटतात. गारगोटीचं काय करणार? खडकाच्या भेगांतून वाहणाऱ्या उष्ण पाण्यातून सोनं आणि गारगोटी एकत्रच साचतात, त्यामुळे शिरेतले नमुने क्वचितच निर्भेळ असतात. गारगोटीची घनता जेमतेम 2.65, घनफळाचा दहावा हिस्सा तिचा असला तरी 16 चा आकडा 14.7 वर घसरतो. अशा नमुन्याला नदीतली सालही नसते, तेव्हा तिथे मी दगडाला नाही म्हणणार नाही. फक्त रेघ मागच्या बाजूनं ओढा, स्फटिकाच्या कडेनं नको.

नदीतला गोटा असेल तर मात्र आधी पाण्यात तोलून बघा. रेघ काय, नंतरही ओढता येते.