'फिक्स मॅच'च्या नावाखाली माझे 87,800 रुपये गेले, वाचा आणि सावध व्हा

ली तिए हे नाव फुटबॉल बघणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. 2002 च्या वर्ल्डकपमध्ये ब्राझीलविरुद्ध खेळलेला, एव्हर्टनकडून प्रीमियर लीग गाजवलेला चिनी मिडफिल्डर, पुढे चीनच्या राष्ट्रीय संघाचा कोच. जानेवारी 2024 मध्ये त्याने चिनी सरकारी टीव्हीवर कबूल केलं की कोचपद मिळवण्यासाठी 30 लाख युआनची लाच दिली गेली, आणि क्लब वरच्या लीगमध्ये चढवण्यासाठी मॅचेस ठरवून खेळवल्या. माझ्या फसवणुकीत आमिष म्हणून हीच खरी बातमी वापरली.

टेलिग्रामवर मेसेज आला. सोबत त्या कबुलीची क्लिप आणि खाली: 'चायना लीग फिक्स आहे, स्कोअर आमच्याकडे आधी येतो.' नोंदणी 2,500. पहिला स्कोअर बरोबर निघाला. तो कसा निघतो ते तुम्हाला माहीत आहेच, शंभर जणांना वेगवेगळे स्कोअर पाठवले की कोणाचा तरी लागतोच. मग 18,000 मागितले. म्हणे वुहानची मॅच आहे, ली सरांचा जुना क्लब, ते स्वतः सांभाळतात.

इथेच थांबायला हवं होतं! ली तिए नोव्हेंबर 2022 पासून कोठडीत होता आणि त्याचा तो वुहानचा क्लब जानेवारी 2023 मध्येच बंद पडला होता. मला हे माहीत होतं. मी विचारलंसुद्धा, ते तर आत आहेत ना? लगेच उत्तर आलं: 'माणूस आत आहे सर, नेटवर्क बाहेर आहे.' त्याच सुमारास तिथल्या फुटबॉल संघटनेच्या अध्यक्षाला, चेन शुयुआनला, लाचखोरीत जन्मठेप झाली होती. अध्यक्षच विकला गेलेला असेल तर नेटवर्क नसेल कशावरून? कोणालाही पटलं असतं. पैसे पाठवले. नंतर 45,000. त्यांच्या बेटिंग अॅपमध्ये 2,14,000 जिंकल्याचं दिसत होतं. काढायला गेलो तर 'टॅक्स' 22,300. तेही भरले. मग ग्रुपमधून बाहेर.

कोणीही जिंकलेल्या रकमेवर आधी टॅक्स मागितला की तिथेच फोन ठेवा.

पोलिसांत गेलो तर पहिला प्रश्न, 'म्हणजे बेटिंग करत होतात?' तक्रार ऐकण्याआधी मलाच आरोपीसारखं उभं केलं. सायबरवाल्यांकडे जा. त्यांनी पुन्हा ठाण्यात पाठवलं. बँकेने सांगितलं, खातं दुसऱ्या राज्यातलं आहे, पोलिसांचं पत्र आणा. पोलिस म्हणाले, आधी बँकेचं स्टेटमेंट आणा. प्रत्येक टेबलावर तेच कागद, तीच झेरॉक्स आणि तोच तुच्छ चेहरा. चीनमध्ये डिसेंबर 2024 मध्ये ली तिएला 20 वर्षांची शिक्षा झाली, एप्रिल 2025 मध्ये अपीलही फेटाळलं. इथे माझा एफआयआरसुद्धा नोंदवला नाही. बेटिंगचा गुन्हा लावायचा तर लावा, पण चोराला पकडणार की नाही?

पैसे गेल्याचं कळताच पहिल्या तासात 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, मी लाजेपायी उशीर केला. चॅट पुसू नका. प्रत्येक व्यवहाराचा यूटीआर नंबर (बँकेचा व्यवहार क्रमांक) लिहून ठेवा. आणि एक गोष्ट डोक्यात पक्की करा: तिथलं फिक्सिंग क्लब आणि अधिकारी आपापसात करत होते, लाखो युआन मोजून. असा स्कोअर कोणी अडीच हजारात विकत नाही.

परवा माझ्या भाच्याला तसाच मेसेज आला, या वेळी दुसऱ्याच देशाच्या लीगचा. यूपीआय आयडी नवा होता, मजकूर शब्दन् शब्द तोच.