शंभर सीसी म्हणून गळ्यात मारलेली आरएक्स

रेससाठी तयार केलेली यामाहाची आरएक्स 100 घ्यायच्या विचारात असाल आणि विकणारा सोलापूरच्या आसपासचा असेल, तर पैसे मोजण्याआधी हे वाचून घ्या. माझे एक लाख पंधरा हजार गेलेत. गाडी दारात उभी आहे, पण रेसमधल्या ज्या क्लाससाठी, म्हणजे सीसीच्या गटासाठी, घेतली त्या क्लासमध्ये ती बसत नाही, रस्त्यावर काढता येत नाही, आणि पूर्ववत करायची म्हटली तर निम्मं इंजिन नव्यानं भरावं लागेल.

आमच्याकडच्या रेसच्या क्लब मीटिंगा ज्यांनी पाहिल्या नाहीत त्यांना आधी थोडं सांगतो. गावाबाहेरचं माळरान भाड्यानं घ्यायचं, जेसीबी लावून मातीचे उंचवटे करायचे, फक्कीनं रेषा मारायच्या आणि रविवारी सकाळी सुरू करायचं. स्पॉन्सर म्हणजे कुणाचं तरी टायरचं दुकान. तुळजापूरपासून विजयपूरपर्यंतची पोरं टेम्पोत गाड्या घालून येतात. सगळ्यात गर्दी होते 130 सीसीपर्यंतच्या टू-स्ट्रोकला. शोगन येते, मॅक्स 100 येते, पण निम्म्याहून जास्त गाड्या आरएक्स 100 च असतात. 98 सीसी, अकरा अश्वशक्ती आणि वजन जेमतेम 103 किलो. इंजिन इतकं साधं की गॅरेजवाल्या पोराला डोळे बांधून खोलता येतं.

पण ही गाडी आपल्याकडं 1985 ला आली आणि 1996 ला बंद झाली. म्हणजे आज दिसणारी कुठलीही आरएक्स 100 तिशीच्या घरातली. ती आतून तीच राहिलेली असेल याची खात्री कुणी द्यायची? मागणी वाढली, भाव चढले, आणि ‘रेस बाइक’ म्हणून भंगार रंगवून विकणारे तयार झाले.

मला भेटलेला माणूस पन्नाशीचा, गोड बोलणारा, प्रत्येकाला ‘मालक’ म्हणणारा. अक्कलकोट रोडला एका बंद पडलेल्या यंत्रमागाच्या शेडमध्ये गाडी ठेवलेली. जाहिरातीतल्या फोटोत तीच गाडी, पुढं 27 नंबरची पाटी, शेजारी ट्रॉफी धरलेला एक पोरगा. गेल्या गेल्या चहा मागवला आणि गाडीचं कौतुक करायचं सोडून मलाच परतवायला लागला. “तुम्हाला जमायची नाही मालक. लई उडती ही. आधी साधी एखादी चालवा, मग बघू.” ही त्यांची पहिली खुबी. विकायची घाई नाही असं दाखवलं की घेणाऱ्यालाच घाई सुटते.

ट्रायलला मोकळा सर्व्हिस रोड दिला. एका किकमध्ये सुरू. दुसऱ्या गिअरमध्ये अर्धं थ्रॉटल दिलं की पुढचं चाक हलकं व्हायचं. एवढी ओढ कशी म्हणून विचारलं तर उत्तर तयार. पोर्टिंग केलंय (सिलिंडरमधली हवा-धुराची भोकं कोरून मोठी केलीत), पुंगी म्हणजे रेसचा सायलेन्सर बसवलाय, कार्बोरेटर मोठा टाकलाय, ऑइल पंप काढलाय, ऑइल पेट्रोलमध्येच मिसळून घालायचं. यातली प्रत्येक गोष्ट रेसच्या गाडीत खरोखर करतात, त्यामुळं कुणालाही पटावी.

आता मुद्द्याची गोष्ट. पोर्टिंग आणि पुंगीची ताकद वरच्या आरपीएमला मिळते. अशी शंभरची गाडी खाली पोकळ असते, फुसफुसत निघते, आणि एका टप्प्यावर पोहोचली की एकदम ओढून नेते. मग ती ओढ टिकवण्यासाठी रायडर सारखा क्लच आणि गिअरशी झटापट करत असतो. मी चालवलेली गाडी तळापासून ओढत होती, तिसऱ्यात, चौथ्यातसुद्धा. खालून उचलायला सीसी लागतात. कोणत्याही कानशीनं ते पोर्टमध्ये कोरता येत नाहीत. थोडक्यात, ट्रायल जितकी झकास तितकं इंजिन खोलून बघायचं कारण मोठं. लोक याच्या बरोबर उलटं करतात, आणि विकणाऱ्याचा सगळा धंदा त्यावरच चालतो.

हेड खोलून बघू, असं मी म्हटलं होतं. आरएक्सचं हेड, म्हणजे सिलिंडरचं वरचं झाकण, फक्त चार नटांवर असतं. प्लग काढायचा, नट सोडायचे, दहा मिनिटांचं काम. त्यानं हेडकडं बोट दाखवलं. चारही नटांवर लाल पेंटचे ठिपके होते, नटापासून हेडपर्यंत ओढलेले. “हे क्लबच्या स्क्रुटिनीचं सील आहे मालक. फोडलं की सीझनभराची तपासणी पुन्हा करावी लागती. पैसे देऊन गाडी तुमची झाली की फोडा की.” रेसमध्ये इंजिनाला सील लावतात हे खरं आहे. खऱ्या गोष्टीच्या आडून खोटी विकणं यालाच म्हणतात.

करारही तयारच होता, पाचशेच्या स्टँपवर. ‘गाडी प्रत्यक्ष पाहून, चालवून, पसंत करून घेतली आहे, नंतर कोणतीही तक्रार चालणार नाही’ हे वाक्य इतरांपेक्षा ठळक छापलेलं. आरसी एमएच-13 ची. तीवर 98 सीसी, चॅसिस आणि इंजिन नंबर गाडीशी जुळणारे. नोंदणीची मुदत मात्र संपलेली. “रेसची गाडी आहे, कुणाला रस्त्यावर काढायचीय, आणि काढायचीच तर रिन्यू होतीय की,” हे त्याचं उत्तर. पंधरा हजार यूपीआयवर घेतले आणि लाख रोख मागितले. वर रेसिंगचं लायसन्स काढून देतो म्हणून चार हजार. लायसन्स आलंच नाही. याबद्दल एवढंच सांगतो की एफएमएससीआय या देशातल्या मोटरस्पोर्टच्या संस्थेचं लायसन्स अर्जदार स्वतः काढतो, त्यांच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून. ‘काढून देतो’ म्हणणारा भेटला की उठून निघायचं.

पहिल्याच मीटिंगला हीटमध्ये माझा दुसरा नंबर आला. तंबूत पाणी पीत होतो तेवढ्यात चौथ्या आलेल्या पोरानं लेखी प्रोटेस्ट टाकला. निकालानंतर अर्ध्या तासात फी भरून तसा टाकता येतो. त्याची तक्रार एका वाक्याची होती. बारीक वळणातून निघताना हा मला गिअर न बदलता दुसऱ्यात खेचून गेला, शंभरची गाडी असं करत नाही. वय अठरा-एकोणीस असेल, पण जे ट्रायलमध्ये दडलेलं होतं ते त्यानं मागून बघून ओळखलं होतं. मला तेव्हा राग आला होता. आज तो पोरगा भेटला तर चहा पाजेन.

टेबलावर गोणपाट अंथरून गाडी आडवी केली. स्क्रुटिनीला बसलेले काका पूर्वी गिरणीत फिटर होते. त्यांनी आधी नटांवरचे लाल ठिपके बघितले आणि हसले. “हे सील कुणाचं? आमचं तारेचं असतं, शिशाची गोळी आणि वर नंबर. हा तर ऑइलपेंट.” चार नट निघाले, हेड बाजूला झालं, पिस्टन खाली केला. व्हर्नियर (बारीक मापं घ्यायचं साधन) आत घातला आणि दोनदा फिरवून वाचला. 58.

आरएक्स 100 चा बोर (सिलिंडरचा आतला व्यास) 50 मिलिमीटर आणि स्ट्रोकही (पिस्टनची वर-खाली चाल) 50. काकांनी पुठ्ठ्यावर पेननं गणित मांडलं. 5.8 गुणिले 5.8, गुणिले 0.7854, गुणिले 5. आलं 132.1. शंभरच्या बोरनं हेच केलं तर 98 येतं. म्हणजे शंभरच्या केसवर (इंजिनाच्या खालच्या डब्यावर) आरएक्स 135 चा ब्लॉक (सिलिंडर) चढवलेला. जमलेल्यांतला एक म्हणाला, “दोन सीसीसाठी काय बाद करालाय बे!” काकांनी पुठ्ठा त्याच्यापुढं धरला. मर्यादेपेक्षा दोन जास्त, पण शेजारी उभ्या असलेल्या गाडीपेक्षा चौतीस जास्त. निकाल रद्द. प्रोटेस्टची फी त्या पोराला परत, आणि इंजिन उघडण्याचा खर्च माझ्याकडून. नियमाप्रमाणं बरोबरच होतं ते.

खरं नुकसान दुसऱ्या दिवशी कळलं. ओळखीतले एक चाचा लेथवर आयुष्य काढलेले. त्यांच्याकडं गाडी नेली. ब्लॉकवर कंपनीचे कास्टिंगचे आकडे असतात तिथं त्यांनी नखानं काळा हीट पेंट खरवडला. खाली ग्राइंडरच्या बारीक तिरक्या रेघा. आकडे घासून काढून त्यावर पेंट मारलेला. मग ब्लॉक उचलून केसच्या तोंडावर बोट फिरवलं. 135 चा स्लीव्ह, म्हणजे सिलिंडरची आतली नळी, आत बसावा म्हणून केसचं तोंडच लेथवर मोठं केलेलं, तेही एका बाजूला जास्त खाऊन. “बेटा, आता शंभरचा ब्लॉक आणून टाकलास तरी बसणार नाही नीट. केस गेली.” शंभरची चांगली केस मिळवायची, ती आरसीवरच्या इंजिन नंबरशी जुळणार नाही, म्हणजे पुन्हा आरटीओचं लफडं. आणि आहे ते इंजिन ठेवून नोंदणी रिन्यू करायला न्यावी, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणं कंपनीच्या मूळ मापात असा बदल चालत नाही. सगळीकडून कोंडी.

घरी येऊन जाहिरातीतला फोटो मोठा करून बघितला. फोटोतल्या गाडीला फुटरेस्टच्या वर फ्रेमला त्रिकोणी पट्टी वेल्ड केलेली आहे, उड्यांमध्ये फ्रेम तडकू नये म्हणून मारतात ती. माझ्या गाडीला तिथं साधी नळी. गाडी दुसरीच. 27 नंबरची पाटी तेवढी खरी, ती तो एका गाडीवरून काढून दुसरीला लावत असणार. फोटोत नंबर प्लेट का दिसत नाही असा प्रश्न रेसच्या गाडीबाबतीत कुणाला पडतच नाही, कारण तिथं पाटीच असते.

फोन केला तर म्हणाला, “स्टँप वाचला नाही का मालक?” आणि नंबर ब्लॉक. एका पोलीस ठाण्यात गेलो, तिथं ‘ही दिवाणी बाब आहे’ एवढं ऐकून परत आलो. वकिलांनी मात्र स्टँपवरचं ते ठळक वाक्य वाचून फारसं मनावर घेतलं नाही. जे माहीत आहे ते मुद्दाम लपवणं हाही करार कायद्याच्या कलम 17 प्रमाणं कपटच, आणि कपटानं झालेला करार फसलेल्या माणसाला रद्द ठरवून घेता येतो, 1872 पासून तसंच आहे. घासलेले आकडे आणि नटांवरचा पेंट म्हणजे लपवल्याचा पुरावा. फौजदारी तक्रारीसाठी भारतीय न्याय संहितेचं कलम 318 आहे, जुन्या 420 च्या जागी आलेलं. त्यांनी पहिल्यांदा विचारलं ते वेगळंच. ‘98 सीसी’ हे त्यानं कुठं लिहून दिलंय का? लिहून नाही, पण बोलून दिलं होतं. व्यवहाराआधी मी व्हॉट्सॲपवर विचारलेलं, ‘130 च्या क्लासमध्ये बसते ना?’ त्यावर त्याचा आवाजी निरोप, “बिनधास्त बसती मालक, शंभरच आहे.” आज माझ्या हातात जे काही वजनदार आहे ते हा निरोप आणि पंधरा हजारांची यूपीआय नोंद. रोख दिलेल्या लाखाचा कागद नाही. करारात किंमत त्यानं चाळीस हजार टाकलेली, ‘आरटीओचा टॅक्स कमी लागतोय’ म्हणून.

तेव्हा कुणी गाडी बघायला जाणार असाल तर बरोबर व्हर्नियर न्या. जुन्या बाजारातसुद्धा मिळतो. बोर आणि स्ट्रोक किती, हे आधी मेसेजवर लिहून मागा. विकणाऱ्याला आकडा माहीत नसेल तर तो रेसवाला नाही, आणि माहीत असून लिहीत नसेल तर कारण उघड आहे. हेड खोलल्यावर पिस्टन मूळ मापापेक्षा मोठा टाकलेला असेल तर त्याच्या डोक्यावर ओव्हरसाइजचा आकडा कोरलेला असतो, तोही बघा. हेड गॅस्केट नवीन लागेल, तिचे पैसे तुम्ही द्या, हरकत नाही. सील असेल तर ते कुठल्या क्लबचं, हे त्या क्लबला फोन करून विचारा. आणि पूर्ण किंमत करारावर लिहून घ्या.

विजयपूरकडचा एक जण आणि बार्शीतला एक जण अशा दोघांशी बोलणं झालंय. दोघांनाही हाच चहा, हेच ‘तुम्हाला जमायची नाही’, आणि फोटोत तोच 27 नंबर. बार्शीवाल्याच्या ब्लॉकवरचे आकडेही घासलेले निघाले. तक्रार तिघांची मिळून देतोय. नवीन फोन नंबरनं त्याची जाहिरात परत आलीय, यावेळी गाडी लाल आहे, किंमत एक तीस. पाटी 27 चीच. त्याला तुम्ही फोन केलात तर बोर किती एवढं मेसेजवर विचारा, आणि जे उत्तर येईल त्याचा स्क्रीनशॉट मला पाठवा. वकिलांना तो हवाय.