टीचिंग व्हेकन्सीज: इंग्लंडमध्ये शिक्षकाची नोकरी शोधताना

ब्रिटनच्या शिक्षण विभागाचं हे संकेतस्थळ उमेदवारांसाठी पूर्ण मोफत आहे. मधे एजंट नाही, हेच मोठं सुख. शोधताना व्हिसा स्पॉन्सरशिपचा, म्हणजे परदेशी शिक्षकाच्या व्हिसाची जबाबदारी घेणाऱ्या शाळांचा, फिल्टर आधी लावा. तो नसेल तर निम्मा वेळ फुकट जातो. तरीही शाळेचं किंवा ती चालवणाऱ्या ट्रस्टचं नाव सरकारच्या परवानाधारक स्पॉन्सरांच्या यादीत ताडून पाहा.

खरी अडचण क्यूटीएसची, म्हणजे इंग्लंडमधल्या अधिकृत शिक्षक-पात्रतेची. फेब्रुवारी 2023 पासून भारतीय शिक्षकांना तिच्यासाठी थेट अर्ज करता येतो, पण 11 ते 16 वयोगटाला गणित, विज्ञान किंवा भाषा शिकवण्याची पात्रता असेल तरच. प्राथमिक शिक्षक इथेच अडतात. क्यूटीएसच्या अर्जाला शुल्क नाही.

नोकरीसाठी नुसता बायोडेटा पाठवू नका, अर्जाचा पूर्ण फॉर्म लागतो. नोकरीतला प्रत्येक खंड समजावून सांगावा लागतो. कारण बालसुरक्षेचे नियम कडक आहेत. सप्टेंबरच्या जागांची गर्दी मार्च ते मे या काळात असते, कारण तिथल्या शिक्षकांच्या राजीनाम्याची मुदत 31 मे.

उणीव एकच: स्कॉटलंड, वेल्सच्या जागा इथे मिळत नाहीत. आणि स्पॉन्सरशिप प्रमाणपत्राचे (व्हिसासाठी शाळेनं द्यायच्या दाखल्याचे) पैसे कुणी मागितले, तर सरळ नकार द्या.