मोठ्या सुनेल्याची अंगठी: दिवाळीपासून रोज वापरल्यावर

गेल्या दिवाळीला मोठ्या सुनेल्याची, म्हणजे सिट्रीनची, अंगठी घडवून घेतली. तेव्हापासून ती ऑफिसात, लग्नाकार्यात, सगळीकडे उजव्या हाताच्या मधल्या बोटात आहे. खडा 18 बाय 13 मिलिमीटरचा, एमराल्ड कटचा, म्हणजे कोपरे छाटलेला लांबट चौकोनी, वजनाने साधारण 13 कॅरेट. सोनं 18 कॅरेट शुद्धतेचं. इतक्या वापरानंतरही ही अंगठी मला मनापासून आवडते, आणि मोठा खडा घ्यायचा विचार करणाऱ्यांना माझं एकच सांगणं आहे: वरून रंग बघून भुलू नका, खड्याची खालची बाजू बघा. निवडताना, बसवताना आणि नंतर साफ करतानाही सगळा खेळ त्या खालच्या बाजूचाच असतो.

आधी निवडीचं. सिट्रीन म्हणजे पिवळं क्वार्ट्झ. त्याला पिवळेपणा लोहामुळे येतो. बाजारात मिळणारं बहुतेक सिट्रीन मुळात ॲमेथिस्ट असतं. जांभळा खडा साडेचारशे-पाचशे अंश सेल्सिअसच्या आसपास तापवला की पिवळा-नारिंगी होतो. यात फसवणूक काही नाही, तो रंग टिकतो. पण झवेरी बाजारात एका दुकानात मला ‘अजिबात न तापवलेला’ म्हणून एक खडा बऱ्याच चढ्या भावाने दाखवला. सिट्रीन तापवलंय की नाही हे प्रयोगशाळेतही सहसा ठामपणे सांगता येत नाही. मग सिद्ध न होणाऱ्या गोष्टीचे पैसे का मोजायचे? मी सरळ पुढच्या दुकानात गेले. ‘गोल्डन टोपाझ’ म्हणून सिट्रीन विकणारेही भेटतात. टोपाझ हे वेगळं रत्न आहे, आणि जड आहे. माझ्या खड्याच्या मापाचा टोपाझ साडेसतरा कॅरेटच्या आसपास भरेल. म्हणून वजन आणि माप दोन्ही विचारायचं.

रंगाबद्दल माझं मत जरा ठाम आहे. माडेरा म्हणतात तो गडद लालसर-नारिंगी रंग लहान खड्यात फार देखणा दिसतो. मोठ्या खड्यात प्रकाशाला आतून लांबचा प्रवास करावा लागतो, त्यामुळे तोच रंग संध्याकाळच्या दिव्यात तपकिरी, जवळजवळ काळपट होतो. मी मधाळ सोनेरी, मध्यम छटेचा घेतला. दुकानातल्या पिवळ्या स्पॉटलाइटखाली कोणताही पिवळा खडा सुंदरच दिसतो. खडा घेऊन दारापाशी जा, दिवसाच्या उजेडात बघा, मग पांढऱ्या ट्यूबलाइटखाली बघा.

आणि आता कट. क्वार्ट्झच्या खालच्या पैलूंचा कोन साधारण 41 अंशांपेक्षा कमी ठेवला, तर वरून आलेला प्रकाश परत वर न येता खालून निसटतो आणि खड्याच्या मधोमध फिकट, आरपार भोक पडल्यासारखं दिसतं. याला खिडकी म्हणतात. कमी वजनातही माप मोठं दिसावं म्हणून खडा उथळ कापला की ती हमखास येते. तपासायला काही लागत नाही. खडा वर्तमानपत्रावर ठेवायचा आणि बरोबर वरून बघायचं. मधोमध अक्षरं वाचता आली तर खडा परत द्यायचा. मी बघितलेल्या मोठ्या खड्यांपैकी बहुतेकांखाली बातमी आरामात वाचता येत होती. जो घेतला त्याच्याखाली फक्त सोनेरी तुकडे हलताना दिसले. त्याचा भाव इतरांपेक्षा जास्त होता, पण सिट्रीन मुळात स्वस्त रत्न असल्याने हा फरक झेपण्यासारखा होता. शेवटी खड्यापेक्षा सोन्याचेच पैसे कितीतरी जास्त झाले.

घडवायला पुण्यात ग्रहांच्या अंगठ्या करणारे एक वयस्क कारागीर काका गाठले. गुरूच्या अंगठीत खडा बोटाला टेकावा म्हणून तळ उघडा ठेवायची त्यांची जुनी सवय. मला ज्योतिषाशी देणंघेणं नव्हतं, पण उघडा तळ हवाच होता, कारण खडा मागून धुता येतो. फक्त मी एक बदल सांगितला: खड्याचं टोक बोटाला टेकू द्यायचं नाही, खाली थोडी मोकळी जागा ठेवायची. खडा साडेआठ मिलिमीटर खोल, त्यामुळे अंगठी उंच होणार हे नक्की होतं. म्हणून आधी मेणाचा नमुना करून घेतला आणि घालून, मूठ वळून, पर्समध्ये हात घालून बघितला.

खडा धरणाऱ्या नख्यांऐवजी चारही बाजूंनी सोन्याच्या पट्टीचं कोंदण केलं. नख्या साडीच्या जरीत आणि ओढणीत अडकतात, आणि एमराल्ड कटचे कोपरे उघडे राहिले तर टवका उडायची भीती. काकांनी खडा बसवला तेव्हा मी समोरच होते. अंगठी लाखेत रुतवली, खडा आत ठेवला आणि पोलादी दांडीने आधी पट्टीची वरची बाजू किंचित दाबली. लगेच तिच्या समोरची. मग डावी, मग उजवी. एक बाजू पुरती दाबून मोकळं व्हायचं नाही, नाहीतर खडा तिरका सरकतो. प्रत्येक फेरीनंतर ते भिंगातून कडेला बघत आणि नखाने खडा हलतोय का ते चाचपत. घाई नाही की गप्पा नाहीत. या कामाची घडणावळ मी घासाघीस न करता दिली.

बिलाकडे मात्र नीट लक्ष द्या. 13 कॅरेट म्हणजे 2.6 ग्रॅम. अंगठीचं एकूण वजन, खड्याचं वजन आणि निव्वळ सोनं वेगवेगळं लिहून घ्या, नाहीतर खड्यालाही सोन्याचा भाव लागतो. खडा बसवण्याआधी तुमच्यासमोर तोलून घेणं उत्तम. हॉलमार्क 750 चा आणि सोबत सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा ओळख क्रमांक, बघा. पुढे मोडीला गेलात तर सोन्याचेच पैसे येतील. सिट्रीनला फेरविक्रीची किंमत जवळजवळ नसते. गुंतवणूक हवी असेल तर हे घेऊच नका.

वापरातल्या अडचणी दोन. वरून जड असल्याने अंगठी बोटावर फिरायची, विशेषतः थंडीत बोटं बारीक झाल्यावर. काकांनी पट्ट्याच्या आत खालच्या बाजूला सोन्याचे दोन बारीक दाणे जोडून दिले, आता जागची हलत नाही. उन्हाळ्यात बोटं सुजतात तेव्हाही त्रास नाही. दुसरी अडचण म्हणजे स्कूटरवर हातमोजा चढत नाही. तेवढ्यापुरती ती काढूनच ठेवावी लागते.

चमकेचं म्हणाल तर खडा अधूनमधून मंद वाटतो. कारण वर नसतं, खालच्या पैलूंवर हँडक्रीम आणि साबणाचा थर साचलेला असतो. कोमट पाणी, दोन थेंब भांड्यांचा साबण आणि लहान मुलांचा मऊ ब्रश घेऊन मागून घासलं की खडा पुन्हा पहिल्यासारखा. कोरड्या फडक्याने धूळ पुसू नका. सिट्रीनचा कठीणपणा खनिजांच्या 1 ते 10 च्या मोह्स मापावर 7, आणि धुळीत क्वार्ट्झचेच कण असतात, त्यामुळे पैलूंच्या कडा घासल्या जातात. भिंगातून बघितलं तर माझ्या खड्याच्या वरच्या कडेवर बारीक झीज दिसते, नुसत्या डोळ्यांना नाही. कणीक मळताना मी अंगठी काढते. वाफेने साफ करून देतो म्हणणाऱ्या दुकानदाराला नको सांगा. एकदम तापलं-थंडावलं की क्वार्ट्झला तडा जाऊ शकतो. माप बदलायला किंवा डाग देऊन सोनं जोडायला अंगठी टाकलीत, तर खडा आधी काढायला सांगा आणि तसं पावतीवर लिहून घ्या.