घंटेपाशीच थांबू नका: फिलाडेल्फियाचं कोश्चुश्को घर, साराटोगा आणि वेस्ट पॉइंट

जळगाव, धुळे, अमळनेरकडची मंडळी मुलांकडे न्यू जर्सीला तीन-चार महिने राहायला गेली की फिरण्याची यादी ठरलेली असते. नायगारा, न्यूयॉर्कचा पुतळा, व्हाइट हाउस, रॉबिन्सव्हिलचं मंदिर आणि एका रविवारी फिलाडेल्फियाची तडा गेलेली घंटा, लिबर्टी बेल. घंटेसोबत फोटो झाला की गाडी परत न्यू जर्सीतल्या एडिसनकडे. त्याच घंटेपासून पायी पंधरा-वीस मिनिटांवर, थर्ड आणि पाइन या रस्त्यांच्या कोपऱ्यावर, एका पोलिश इंजिनियरचं भाड्याचं घर राष्ट्रीय स्मारक म्हणून जपलं आहे. तिथून सुरुवात करून हडसन नदीकाठी वर जाणारी ही वाट कोणी घ्यावी आणि कोणी घेऊ नये, ते पुढे आहे.

माणूस आधी समजून घ्या, नाहीतर तिन्ही ठिकाणी काय बघायचं ते कळत नाही. तादेउश कोश्चुश्को १७४६ साली तेव्हाच्या पोलंड-लिथुआनियाच्या राज्यात जन्मला. ते गाव आज बेलारूसमध्ये आहे. वॉर्सात लष्करी शिक्षण झालं, पुढचं पॅरिसला. १७७६ च्या उन्हाळ्यात अमेरिकेत उतरला आणि १८ ऑक्टोबर १७७६ ला त्याला इंजिनियर खात्यात कर्नलचा हुद्दा मिळाला. इंग्रजांविरुद्धच्या अमेरिकेच्या त्या स्वातंत्र्यलढ्यात परदेशी अधिकारी पुष्कळ होते. फ्रान्सचा लाफाएत, प्रशियाचा फॉन श्टॉयबेन, पोलंडचाच पुलास्की. (परक्या मुलखातल्या शिपायाचं खान्देशाला नवल नसावं. १८१८ मध्ये मालेगावचा किल्ला इंग्रजांविरुद्ध महिनाभर लढवला तो अरबांनी, आणि मालेगाव तेव्हा खान्देशातच मोडत होतं.) कोश्चुश्कोचं वेगळेपण असं, की तो घोड्यावरून तलवार परजणारा नव्हता. टेकडी कुठली धरायची, झाडं कुठली पाडायची, नदीचं वळण कसं वापरायचं, हे त्याचं काम. त्यामुळे त्याचे पुतळे त्याच्याबद्दल फार कमी सांगतात. जमीन सांगते.

फिलाडेल्फियाचं घर

हे अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान खात्याचं सर्वांत छोटं ठिकाण. जागा ०.०२ एकर, म्हणजे आपल्या हिशेबात एक गुंठासुद्धा भरत नाही. साधारण ८७० चौरस फूट. प्रवेश फुकट आहे. १७९७ च्या नोव्हेंबरपासून १७९८ च्या मे महिन्यापर्यंत कोश्चुश्को इथे भाडेकरू होता. अमेरिकेचं युद्ध संपवून तो पोलंडला परतला होता. १७९४ मध्ये रशियाविरुद्धच्या उठावाचं नेतृत्व केलं, माचेयोवित्सेच्या लढाईत जखमी होऊन पकडला गेला, रशियात कैदेत राहिला आणि सुटल्यावर पुन्हा अमेरिकेत आला. जखमांमुळे बहुतेक वेळ खोलीतच. भेटायला येणाऱ्यांत पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झालेला थॉमस जेफरसन होता, मायामी या मूळ अमेरिकन जमातीचा सरदार लिटल टर्टल होता.

खोली वरच्या मजल्यावर आहे, त्या काळासारखी मांडलेली. खाली त्याच्या कामाची माहिती. सगळं बघायला अर्धा तास पुरतो, सावकाश वाचणाऱ्याला पाऊण तास. वाड्याची, दरबाराची अपेक्षा ठेवून गेलात तर निराश व्हाल. साध्या भाडेकरूचीच ती खोली आहे.

या घरातली माझ्या मते सर्वांत वजनदार गोष्ट भिंतीवर टांगण्यासारखी नाही. इथला मुक्काम संपताना, मे १७९८ मध्ये, त्याने मृत्युपत्र केलं आणि व्यवस्थापक म्हणून जेफरसनला नेमलं. अमेरिकेतला आपला पैसा गुलामांना विकत घेऊन मुक्त करायला आणि त्यांना शिकवायला वापरावा, असं त्यात होतं. जेफरसनकडे स्वतःचे शेकड्यांनी गुलाम होते, हे ध्यानात घेऊन ते वाचावं. पुढे युरोपात कोश्चुश्कोने आणखी मृत्युपत्रं केली. १८१६ च्या एका मृत्युपत्रात आधीची सगळी रद्द, असं कलम होतं आणि त्यात अमेरिकेतल्या पैशाचा अपवाद ठेवलेला नव्हता. १८१७ मध्ये तो स्वित्झर्लंडमध्ये वारला. म्हाताऱ्या जेफरसनने जबाबदारी सोडली, दावा वर्षानुवर्षं चालला आणि १८५२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पैसा युरोपातल्या वारसांना दिला. एकही गुलाम त्या पैशातून सुटला नाही. सातबाऱ्यावरच्या नावासाठी तीन पिढ्या कोर्टात घालवणाऱ्या आपल्याकडच्या वाचकाला एका कलमाने काय होतं, ते वेगळं सांगायला नको.

अडचणी दोन. पहिली, वेळा. घर वर्षभर रोज उघडं नसतं. हंगामात, आणि तेही साधारण शनिवार-रविवारी दुपारचे काही तास. बुधवारी सकाळी गेलात तर बंद दारासमोर फोटो काढून परतावं लागेल. निघायच्या आदल्या दिवशी उद्यान खात्याच्या वेबसाइटवर वेळ बघा. वरच्या मजल्याचा जिना कसा आहे हेही गुडघेदुखीवाल्यांनी फोन करून विचारून घ्यावं. दुसरी अडचण पत्त्याची. टॅक्सीवाल्याला कोश्चुश्को सांगून उपयोग नाही, कारण अमेरिकन उच्चार पार वेगळा. ‘थर्ड अँड पाइन’ म्हणा, तो बरोबर सोडतो.

एडिसनहून गाडी नसेल तर रेल्वे आहे: एडिसन ते ट्रेंटन न्यू जर्सी ट्रान्झिट, तिथे बदलून सेप्टाची (फिलाडेल्फियाची स्थानिक वाहतूक सेवा) फिलाडेल्फिया गाडी, जेफरसन स्टेशनला उतरायचं. सकाळी घंटा आणि इंडिपेंडन्स हॉल, दुपारी हे घर, असा क्रम ठेवा. घंटेला तिकीट नाही, पण रांग आणि तपासणी आहे. इंडिपेंडन्स हॉलला वर्षातला बहुतेक काळ वेळेचं तिकीट आधी काढावं लागतं, ते विसरलात तर दिवसाचा क्रम कोसळतो.

साराटोगा: याच्यासाठीच जावं

हे रणांगण न्यूयॉर्क राज्यात, ऑल्बनीच्या वर, स्टिलवॉटरजवळ आहे. एडिसनहून सुमारे ३०० किलोमीटर, गाडीने साडेतीन ते चार तास. प्रवेश फुकट, आणि कोश्चुश्को म्हणजे काय हे इथेच कळतं.

पण त्याआधीची चूक माहीत हवी. १७७७ मध्ये जनरल बर्गॉइन कॅनडातून ब्रिटिश फौज घेऊन ऑल्बनीकडे उतरत होता. वाटेत टिकॉन्डरोगाचा किल्ला. किल्ल्याच्या टप्प्यात एक उंच टेकडी होती, तिच्यावर तोफा चढवा, असं कोश्चुश्कोने सुचवलं. इतक्या उभ्या चढावर तोफ जाणारच नाही, असं धरून वरिष्ठांनी ते सोडून दिलं. जुलैच्या सुरुवातीला ब्रिटिशांनी वाट करून तिथेच तोफा नेल्या आणि ५ जुलैच्या रात्री अमेरिकनांना न लढता किल्ला सोडावा लागला. मग माघार घेणाऱ्या फौजेमागे कोश्चुश्कोने रस्त्यावर झाडं आडवी पाडली, पूल तोडले, ओढे अडवून वाट चिखलाची केली. बर्गॉइनजवळ तोफा आणि सामानाच्या गाड्यांचा मोठा लवाजमा होता, त्यामुळे तो गोगलगाय झाला. त्या उसंतीत साराटोगाच्या बेमिस हाइट्स या टेकड्यांची जागा निवडली गेली.

लळिंगच्या गडावर उभं राहून खालचा आग्रा रोड पाहिला असेल त्याला बेमिस हाइट्स दोन मिनिटांत समजतं: वरून रस्ता पूर्ण मुठीत, आणि जाणाऱ्याला दुसरी सोयीची वाट नाही. इथे भर एवढीच की रस्त्याच्या दुसऱ्या अंगाला हडसन नदी आहे. कडा नदीच्या इतका जवळ येतो की ऑल्बनीचा रस्ता मधल्या चिंचोळ्या पट्टीतून जातो. बर्गॉइनचं सामान होड्यांतून आणि या रस्त्यावरून येणार, म्हणजे तोफांच्या तोंडून. ते टाळायचं तर पश्चिमेकडे, नदी सोडून, जंगलातून चढून यायचं. १९ सप्टेंबरला त्याने तेच केलं आणि फार मोठ्या संख्येने माणसं गमावली. ७ ऑक्टोबरला पुन्हा प्रयत्न, पुन्हा मार. १७ ऑक्टोबरला शरणागती. त्या विजयानंतर फ्रान्स उघडपणे अमेरिकेच्या बाजूने उतरला. तिथल्या अमेरिकन फौजेचा सेनापती गेट्स यानेही श्रेय टेकड्या-जंगलांना आणि त्या निवडणाऱ्या पोलिश इंजिनियरला दिलं होतं.

आत एकेरी रस्ता आहे, सुमारे ९ मैलांचा, १० थांब्यांचा. नुसती गाडी फिरवली तर तासाभरात बाहेर पडाल आणि ‘गवताची मैदानं होती’ एवढंच सांगाल. बहुतेकांचं तेच होतं, कारण मातीचे बुरूज कधीच जमिनीला मिळाले, आणि तटबंदीच्या रेषा नुसते खांब रोवून दाखवल्या आहेत. म्हणून असं करा. आधी व्हिजिटर सेंटरमधला नकाशा नीट पाहून घ्या. दुसऱ्या थांब्यावर, नीलसन फार्मवर, थोडंच थांबा. तिसऱ्या थांब्यावर, नदीवरच्या तटबंदीपाशी, किमान अर्धा तास द्या. तोफेच्या मागे उभं राहून तोफेचं तोंड जिकडे आहे तिकडे बघा. रस्ता, पट्टी, नदी, सगळं एका नजरेत येतं. नदी पूर्वेला आहे, त्यामुळे सकाळी ऊन डोळ्यांवर येतं आणि फोटो काळे पडतात. दुपारनंतर उजेड चांगला. सातव्या थांब्यावर एका बुटाचं दगडी स्मारक आहे, नाव नसलेलं. ते अमेरिकन सेनानी बेनेडिक्ट अर्नोल्डच्या जखमी पायाचं. त्याचं नाव का कोरलं नाही, ते वेस्ट पॉइंटला कळतं.

उद्यान खात्याचं अ‍ॅप घरूनच डाउनलोड करून ‘ऑफलाइन’ करून ठेवा, आत मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही. हॉटेल आत नाही. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, लोणचं घरून घेऊन जा आणि पाण्याच्या बाटल्या भरून घ्या. गवतात उतरायचं तर फुल पँट आणि पायमोजे हवेतच. तिथल्या हरणांच्या बारीक गोचिडीपासून लाइम नावाचा आजार होतो. परतल्यावर गुडघ्यामागे, काखेत, कमरेला तपासा. हिवाळ्यात हा रस्ता गाड्यांना बंद असतो. सप्टेंबरचा शेवट ते ऑक्टोबरचा मध्य ही उत्तम वेळ, पण सकाळी गारठा असतो, जळगावच्या माणसाला तर नक्की. स्वेटर गाडीत ठेवा.

वेस्ट पॉइंट

हे साराटोगाच्या वाटेवरच येतं. इथे हडसन एकदम काटकोनात वळते. शिडाच्या जहाजाला त्या वळणावर वेग आणि वारा दोन्ही सोडावे लागत. तिथेच ३० एप्रिल १७७८ ला ब्रिटिश जहाजं अडवायला नदीवर लोखंडी साखळी टाकली. ही साखळी कोश्चुश्कोची, असं ऐकायला मिळतं, पण साखळीचं काम दुसऱ्यांचं. त्याचं काम वरचं. टिकॉन्डरोगाचा धडा त्याने इथे लावला: नदीकाठच्या तोफांमागे किल्ला, किल्ल्यामागच्या टेकडीवर दुसरा, त्यामागे आणखी ठाणी, म्हणजे एक उंची पडली तरी तिच्यावर दुसरीचा मारा राहतो. १७८० मध्ये हाच वेस्ट पॉइंट ब्रिटिशांना विकायचा घाट घातला तो साराटोगाच्या बुटाच्या मालकाने, अर्नोल्डने.

आज ही चालू लष्करी अकादमी आहे, मोकळं फिरता येत नाही. परदेशी नागरिकाने मूळ पासपोर्ट बरोबर ठेवायचा, झेरॉक्सवर काम होत नाही, आणि बसच्या सहलीत जायचं. ट्रॉफी पॉइंटवर साखळीच्या उरलेल्या कड्या आहेत, आणि नदीच्या वळणाचं दृश्य. जवळच कोश्चुश्कोचं स्मारक आहे: खांब १८२८ चा, वरचा पुतळा १९१३ चा. त्याने कड्याखाली स्वतः केलेली छोटी बाग मात्र सहसा बसच्या फेरीत येत नाही. सहल घाईची वाटते, पण फाटकाबाहेरचं संग्रहालय फुकट आहे आणि उरलेली हौस तिथे भागते.

वॉशिंग्टनला व्हाइट हाउससमोरच्या लाफाएत चौकात जाणार असाल तर ईशान्य कोपऱ्यातला १९१० चा त्याचा पुतळा पाहा. हातात साराटोगाच्या तटबंदीचा नकाशा आहे. पाच मिनिटांचं काम, आणि बंदोबस्त असेल त्या दिवशी तेवढंही जमत नाही. साउथ कॅरोलिनात नाइंटी सिक्स इथे त्याने १७८१ च्या वेढ्यात खणलेला भुयारी सुरुंग आहे, पण न्यू जर्सीहून फक्त त्यासाठी जाणं परवडणारं नाही. युरोपची सहल करणाऱ्यांनी क्राकोवमधला १८२० ते १८२३ दरम्यान रचलेला त्याच्या नावाचा ३४ मीटर उंच मातीचा ढीग चढून पाहावा. रणांगणांवरची माती आणून त्यात घातली आहे.

दोन दिवस असतील तर पहिल्या दिवशी सकाळी वेस्ट पॉइंट, रात्री ऑल्बनीजवळ मुक्काम, दुसऱ्या दिवशी साराटोगा करून परत. फिलाडेल्फियाचं घर वेगळ्या शनिवारी. एकच दिवस असेल तर साराटोगा, आणि पहाटे पाचला निघा. लहान मुलं बरोबर असतील तर फक्त वेस्ट पॉइंट करा, साराटोगाच्या मैदानात ती कंटाळतात.